मडक्याशी बोलणारी बाई

(उस्मानपुऱ्यातल्या एका घराचं अंगण. लिंबाच्या फांदीला फडक्यात बांधलेलं अस्थींचं मडकं. संध्याकाळ.)

साकिब : अगं पण तनुजा, मला काय माहीत तू तो सिनेमा सगळ्या पाव्हण्यांसमोर लावशील?

तनुजा : मी लावला? मी? सरूआत्यानं लावला! सगळे म्हणाले भजनं लाव, तिनं रिमोट दाबला. पप्पांसाठी भजनं भरून आणलीस ना, मग त्याच पेनड्राइव्हमध्ये माझे जपानी सिनेमे कशाला कोंबलेस?

साकिब : मागितले कोणी? दवाखान्यात बसून मेसेज कोणी टाकला? मेलेल्या साहेबाची रोज हजेरी लावणाऱ्या ऑफिसचा तो पिक्चर बघितलास आणि लिहिलंस, असाच अजून एक दे. हसू आलं की लाज वाटली पाहिजे, असा.

तनुजा : माझ्यासाठी मागितला होता! पप्पांच्या सुतकात दाखवायला नाही.

साकिब : मग बंद करायचा ना यार!

तनुजा : कसा करू? सुरुवातीलाच घंटा, धूप, मुंडण केलेला भिक्खू मंत्र म्हणतोय. आत्या म्हणाली, लेण्यातल्या बुद्धदेवाचं दिसतंय, चांगलंय, राहू दे. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. हात जोडून बसल्या रे सगळ्या! मोतीरामकाकांनी तर टोपी नीट केली.

साकिब : या अल्ला.

तनुजा : हसू नकोस. हसलास तर इथनं हाकलीन.

साकिब : हसत नाही. पुढं?

तनुजा : पुढं काय! त्यातले दोघं भाऊ बापाची हाडं तिकडच्या रिवाजाप्रमाणं काड्यांनी उचलायला बसले आणि मोठं हाड कोणी उचलायचं यावरनं जुंपली. हाड उडालं ते थेट चहाच्या कपात. आणि सावडायच्या दिवशी आमच्याकडं काय झालं होतं? मडकं कोणी धरायचं म्हणून काका आणि पप्पांचे मावसभाऊ धोंडिबा स्मशानातच एकमेकांच्या अंगावर धावले होते. सगळ्यांच्या माना काकांकडं वळल्या. आणि तेवढ्यात आई हसली.

साकिब : काकू?

तनुजा : मोठ्यानं! गेले इतके दिवस एक शब्द बोलली नव्हती ती. काकांनी टीव्हीची वायरच उपटली. म्हणाले, मुद्दाम लावलंय मला हिणवायला, आता जी हसली तिनंच पिंड द्यावा. आणि तडक करमाडला निघून गेले. उद्या पैठणला पप्पांचा दहावा आहे साकिब. मला भाऊ नाही. पिंड कोण देणार?

साकिब : मी जातो करमाडला. पाय धरतो त्यांचे.

तनुजा : तू? तुला बघून आणखी पेटतील. मुसलमानाच्या पोरानं आमच्या दुःखाची टर उडवली, असं फोन करून सांगतायत सगळ्यांना.

साकिब : टर? मी? तुझ्या पप्पांना, रामकिसनकाकांना गाडीवर बसवून दवाखान्यात कोण न्यायचं? मोतीराम साहेब आले होते का एकदा तरी? तेव्हा कुठं होते? आणि माझं नाव नाय का त्यांना माहीत? ह्या घरात लहानाचा मोठा झालो मी!

तनुजा : माझ्यावर कशाला ओरडतोस?

साकिब : मग कोणावर ओरडू? मी आल्यापासून तू माझ्यावरच ओरडायलीस ना!

आशाबाई : काय गलका लावलाय दोघांनी? गल्ली गोळा करता का?

साकिब : काकू, माफ करा. माझी चूक झाली. मी करमाडला जातो…

आशाबाई : कोणी जायचं नाय. कोणाचं पाय धरायचं नाय.

तनुजा : मग उद्या काय करायचं, आई? तू हसलीसच कशी? मला मान वर करता येईना. लाज वाटली मला!

आशाबाई : मलाबी वाटली. लई वाटली. तरी हसले. काय करू?

तनुजा : लोक काय म्हणतील?

आशाबाई : लोकांचं मला सांगू नको! स्मशानात मोतीराम सगळ्यांसमोर काय म्हणला? आशाबाईला एकच लेकरू, तेबी पोरगी, म्हणून मला यावं लागलं. माह्या माणसाची राख गरम व्हती तेव्हा. मी तोंड उघडलं का? नाय उघडलं. आता उघडते. पिंड तू देशील.

तनुजा : मी? आणि गुरुजी?

आशाबाई : गुरुजीला फोन केलाय. व्हय म्हणलेत. मोतीरामला काय बोलायचं ते करमाडात बसून बोलू दे.

साकिब : काकू, तुम्ही त्या हाडावर हसलात ना?

आशाबाई : हाडावर कशाला हसू? हे सगळे मोतीरामकडं बघत व्हते तेव्हा त्या पोरांच्या आईवर हसले. नवऱ्याचं मडकं ताटापाशी ठिवून म्हणली ना ती, आता तरी जेवायला घरी थांबा. जपानची बाई, अन् बोलली माह्या तोंडचं. तेवढ्यात मेल्यानं वायर उपटली. पुढं काय केलं रे तिनं मडक्याचं?

साकिब : समुद्राकडं निघते. बसमध्ये दोन तिकिटं काढते आणि मडक्याला खिडकीची जागा देते.

आशाबाई : खुळी हाय.

तनुजा : आई…

आशाबाई : खुळीच! आयुष्यभर खिडकी त्यांचीच व्हती. माहेरी, सोयगावला जाताना मी म्हणायची, मला बसू द्या की एकदा. तर म्हणायचे, तुला बाहेर काय पाहायचंय?

साकिब : तसले अजून आहेत काकू. एका डोंगरातल्या गावात तीनच म्हातारे उरलेत आणि तिघंबी सरपंचकीला उभे राहतात. मालिका आहे.

आशाबाई : आण. पण भजनं येगळी ठिव, बाबा.

तनुजा : उद्या मडकं कोण धरणार, आई?

आशाबाई : मी. पैठणच्या गाडीत खिडकीपाशी मी बसणार अन् ते माह्या मांडीवर. विचारतेच त्यांना, आता तुम्हाला बाहेर काय पाहायचंय?

तनुजा : रडू नको ना.

आशाबाई : रडत नाय. मडकं जरा काचेकडं धरीन म्हणते. सवय हाय त्यांना.