जावयाचा नवा प्रोसेसर

जावयाला शिव्या घालता येत नाहीत, ही आपल्याकडची मोठी अडचण आहे बघा. माझ्या मुलीची अकराला नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. तिचा जुना लॅपटॉप हळू चालतो म्हणून जावयानं उठल्याउठल्या त्यात नवा प्रोसेसर बसवला. झालं, लॅपटॉप सुरूच होईना.

तो म्हणाला, "बाबा, आधी बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारं सॉफ्टवेअर, अपडेट करायला हवं होतं."

"मग करा की आता."

"त्यासाठी लॅपटॉप सुरू व्हायला लागतो."

मी तोंड उघडलं, तशी आमची ही पुटपुटली, "अहो, जावई आहेत!"

शेवटी त्यानं जुनाच परत बसवला आणि लॅपटॉप चालू झाला. मुलीच्या जिवात जीव आला.

जावई म्हणाला, "आता अपडेट करून नवा बसवतो. पाच मिनिटं."

मी लॅपटॉप उचलून थेट देव्हाऱ्यासमोर ठेवला. म्हणालो, "जावईबापू, इथं बिनआंघोळीचं हात लावलेलं आमच्या हिला चालत नाही. गीझर लावलाय. सावकाश करा."