मुठीचा रांजण

चांगुणा: “आधी मूठ बाजूला काढायची, मग तवा ठेवायचा. अन् शनिवारी रांजणात नेऊन टाकायची, चुकायचं न्हाई.” सासूबाई जाताना एवढंच बोलल्या बघ, आनंदराज. अन् तू त्या रांजणालाच काचेत कोंडलंस?

(देगलूरचं मिशनचं जुनं चर्च. उद्या शताब्दी. आनंदराज मंडळीचा सेक्रेटरी.)

आनंदराज: कोंडलं नाही मावशी, जपलं. तुमच्या सासूबाईंची, लक्ष्मम्मांची आठवण म्हणूनच तर पुढं मांडलाय. उद्या बिशपसाहेब बघतील.

चांगुणा: रंग बी दिला?

आनंदराज: वॉर्निश. फक्त वॉर्निश.

चांगुणा: अन् ह्या पाटीवर काय हाय? वाच की, चष्मा घरी राहिला.

आनंदराज: “पूर्वी मंडळीतल्या स्त्रिया स्वयंपाकाआधी मूठभर ज्वारी काढून या रांजणात आणीत. त्या धान्यावर हे चर्च उभे राहिले.”

चांगुणा: पूर्वी! अन् गेल्या शनिवारी मी काय टाकून गेले, गोटे?

आनंदराज: तुम्ही एकट्याच उरलात हो. बाकीचे आता फोनवरून दान देतात.

चांगुणा: देऊ दे की. मी कुठं अडवून राहिले? ती काचेची पेटी तेवढी खोल.

आनंदराज: चारी बाजूंनी चिकटवलीय. कार्यक्रम झाला की बघू.

चांगुणा: आज नागम्मा यील. दर शनिवारी येती, हप्त्याचं दळण नेती.

आनंदराज: बाजारातली नागम्मा? ती आपल्या मंडळीची नाही, मावशी.

चांगुणा: दुष्काळात सारी गल्ली ह्यातनंच दळण न्यायची. तुझी आजी बी. तवा सासूबाईंनी कुणाला मंडळी इचारली व्हती?

आनंदराज: आजी? हे मला कुणी सांगितलं नाही.

चांगुणा: पाटीवर मावलं नसतं.

आनंदराज: मावशी... नागम्मा सकाळीच येऊन गेली. मी म्हटलं, आता हे बंद झालं.

चांगुणा: मग?

आनंदराज: काही नाही. “सरी”, म्हणजे बरं, एवढंच म्हणाली. पिशवीची घडी घातली अन् गेली.

चांगुणा: रांजणातली ज्वारी कुठं हाय?

आनंदराज: त्या पोत्यात. जड आहे, सोमवारी मी स्वतः...

चांगुणा: शनिवार आज हाय. थांब, माझी मूठ बी त्यातच ओतते. हां. आता उचल, डोक्यावर दे.

आनंदराज: घर तरी माहीत आहे का तिचं?

चांगुणा: वाटेत इचारीन. तिची चूल पेटवायची येळ झाली.