वडिलांच्या पेटीला भोक

इंग्रजांच्या राज्यात काशीला दुर्गाघाटावर मी सुतारकाम करीत होतो. तशी गिऱ्हाइकं आता उरली नाहीत. एकदा वेद शिकवणारे एक गुरुजी वडिलांची पोथ्यांची पेटी घेऊन आले. तिला नवी बिजागरी बसवायची होती. मी गिरमिट उचललं.

"अरे, आधी भोक कशाला? विलायती पेच आहे, आपसूक शिरेल. वडिलांची एवढीच वस्तू उरली आहे."

मी तसल्याच जुन्या शिसवाच्या तुकड्यात पेच सरळ पिळला. तुकडा उभा चिरला.

"तुकडाच वाईट असेल," गुरुजी म्हणाले.

मी विचारलं, "गुरुजी, तुम्ही भिकबाळी कान न टोचता घातलीत का?"

त्यांनी कानाला हात लावला. "पाड बाबा भोक. पण हळू, वडिलांना लागेल."