अकरा मिनिटांचा प्रवेश

नाही साहेब, ओरडून प्रवेशाची फी कमी होत नाही — होत असती तर इथून सगळे फुकटच गेले असते. पासपोर्ट द्या इकडे. हं. तुम्हाला या देशात यायचंच नाहीये, कळलं मला, मघापासून तीनदा सांगितलंत. पण तुमचं पुढचं विमान सुटतं पलीकडच्या इमारतीतून, तिकडे जाणारी बस जाते बाहेरच्या रस्त्यावरून, आणि रस्ता कुठे आहे? देशात. मग झाला ना प्रवेश? अकरा मिनिटांचा. बस मध्ये थांबत नाही, दार उघडत नाही, खिडक्यांवर जाहिराती चिकटवल्यात म्हणून बाहेरचं काही दिसतही नाही — सगळं मान्य. पण प्रवेश तो प्रवेश. आणि उतरताना एक फॉर्म देतील, ‘आमचा देश कसा वाटला?’ म्हणून — तेवढा भरा हं, नाहीतर वरून आम्हालाच विचारणा होते.

लावा बँकेचं कार्ड यंत्राला. काढू नका, काढू नका! चक्र फिरतंय अजून. लागतो वेळ. तुमची तर एकट्याचीच फी आहे — काल एक बाई तान्हं बाळ घेऊन आली, म्हणे हे झोपलंय, याला कळणारही नाही आपण कुठून गेलो ते. मी म्हटलं, बाई, नियमात जागं असण्याची अट नाहीये. दोघांची घेतली. काय म्हणालात? दगड? मी? म्हणा, म्हणा, मला काही लागत नाही. अहो, सख्ख्या बहिणीला सोडलं नाही मी, तुम्ही तर परके.

खरंच. धाकटी माझी. लग्न होऊन दुसऱ्या देशात गेली, पासपोर्टही तिकडचा घेतला — म्हणजे आमच्या हिशेबी परदेशी. चार वर्षं आली नव्हती. मग एकदा मुद्दाम पाच तास इथे थांबणारं विमान घेतलं, आईला भेटायला म्हणून. आई सकाळपासून बाहेर त्या खांबापाशी काठी धरून बसलेली. आणि धाकटी नेमकी माझ्याच खिडकीवर! तिचं कार्ड यंत्र घेईना. रोख आम्ही घेत नाही. पैसे बदलून मिळतात, पण कुठे? बाहेर. आणि बाहेर जायला? फी. हसताय काय, मोठ्या शिकलेल्या माणसांनी बसून केलेली व्यवस्था आहे ही! तर ती म्हणाली, “ताई, तू भर ना आत्ता, बाहेर जाऊन येते तोवर पाठवतेच तुला.” मी म्हटलं, “कर्मचाऱ्याला नातेवाइकाची फी भरता येत नाही. नियम आहे.” मग काय — बसली समोरच्या त्या बाकावर. पाच तास. मी इकडे शिक्के मारतेय, ती तिकडून बघतेय. एकदाही उठून भांडायला आली नाही.

आई? आईला सांगितलं, तिचं विमानच चुकलं. आई म्हणाली, बरं. केसांतली पिन काढून पर्समध्ये ठेवली आणि चल म्हणाली. त्या दिवशी ना, आईने मला तीनदा विचारलं होतं — भांग सरळ आलाय का गं? तीनदा! अकरा वर्षं मी तिच्या गुडघ्यांना तेल लावतेय, औषधं देतेय, दवाखान्यात नेतेय. मी रोज संध्याकाळी घरी येते — माझ्यासाठी कधी भांग पाडला तिने? दार उघडते आणि म्हणते, चपला बाहेर काढ.

ती? नाही, परत इकडून आली नाही. दुसरीकडून जाते आता. आईला फोन करते दर रविवारी — पण त्या दिवसाचं एका शब्दाने बोलली नाही हो. तिने आईला खरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आई चिडली असती, चार दिवस बोलली नसती माझ्याशी, संपलं असतं. ही गप्प. आई मलाच विचारते, पुन्हा कधी चुकणार नाही असं विमान घेईल गं ती?

काय? कुठला नियम? नातेवाइकाची फी भरता येत नाही, तो? —

नाही. तसा काही नियम नाहीये.

झालं तुमचं. ही पावती, हा पासपोर्ट, बस डाव्या हाताला. अहो, असे उभे काय राहिलात? मागे रांग आहे, दिसत नाही का? चला, सरका. पुढचे कोण? या.