ओले शर्ट

(मोरावियातलं डोंगराळ गाव, १९९१. लिबुशेचं स्वयंपाकघर. शेजारचे ओल्द्रिख काका एक पाटी घेऊन आलेत.)

ओल्द्रिख: पितळेची आहे. काळी पडली तर व्हिनेगर चोळायचं.

लिबुशे: युद्धात जर्मन सैनिक आईकडून शर्ट ओलेच घेऊन जायचे.

ओल्द्रिख: महापौर स्वतः येणार आहेत.

लिबुशे: जंगलातल्या बंडखोरांचा म्होरक्या आलोइस, आता सूपसुद्धा गिळत नाही.

ओल्द्रिख: तुझ्या फाटकाच्या उजव्या अंगाला लावू म्हणतो.

लिबुशे: हात टेबलावरून काढा, काका.

ओल्द्रिख: अगं, तुझ्या आईच्या नावाची पाटी आहे. ‘आनेश्का, देशासाठी लढलेली.’ बिचारी मरेपर्यंत गाव तिला जर्मनांची परटीण म्हणत राहिलं.

लिबुशे: मलाही तेवढंच माहीत होतं. काल आलोइसच्या उशाशी बसले, तेव्हा कळलं. सैनिक कपडे वाळायच्या आधीच मागायला आले की आई ओळखायची, तुकडी डोंगरावर निघणार. मग निरोप जायचा आणि आलोइसची माणसं जंगलात जागा बदलायची.

ओल्द्रिख: हुशार बाई.

लिबुशे: आईचा निरोप जंगलात कोण आणायचं, विचारलं मी. म्हणाला, तुझ्या शेजाऱ्याला विचार.

ओल्द्रिख: विशीचा होतो गं मी.

लिबुशे: आणि जर्मन पळाल्यावर, भर चौकात तिचे केस कुणी भादरले?

ओल्द्रिख: लोक पेटले होते. मध्ये पडलो असतो तर मलाही जर्मनांचा कुत्रा ठरवलं असतं. कुणीतरी हातात कात्री कोंबली. मी हळू कापले, लिबुशे. दुसऱ्याने सालटी काढली असती.

लिबुशे: हळू कापले.

ओल्द्रिख: नंतर सांगणारच होतो. मग पदक मिळालं, नोकरी लागली. आणि तीही कधी बोलली नाही.

लिबुशे: तिच्यावर ढकलू नका. शिसारी येते. नाताळात तुमच्या घरून गोड पाव यायचा, तो मी मिटक्या मारत खायचे.

ओल्द्रिख: पाटी तेवढी लावू दे. मी आता किती दिवसांचा?

लिबुशे: लावा. फक्त खाली कोरून आणा, केस ओल्द्रिखने कापले आणि त्याला सगळं माहीत होतं.

ओल्द्रिख: महापौरांसमोर?

लिबुशे: नाहीतर उचला.

ओल्द्रिख: एखादा जुना पेपर असेल तर दे. गुंडाळून नेतो.

लिबुशे: पुढे तुमच्या आईला पुरलं, तेव्हा तिच्या अंगावरचा पांढरा ब्लाउज माझ्या आईने धुऊन, इस्त्री करून दिला होता.