ग्राउंडहॉगचं मागचं दार

सालोमी : आजोबा, कितीही दगड घाला. उद्या घेवडा खाल्लेलाच असणार.

मेनो आजोबा : शुभ बोल गं. हे बीळ चौथ्यांदा बुजवतोय. आता एक तर ती मांजराएवढी बिळातली खार, ती ग्राउंडहॉग दमेल, नाहीतर मी.

सालोमी : तुम्हीच. ती अख्खा हिवाळा झोपून ताजी झालीये.

मेनो आजोबा : मग पिंजरा लावतो. देतो सोडून नदीपलीकडे.

सालोमी : नको ना. तिला चार पिल्लं आहेत. काल ती दोन पायांवर उभी राहून राखण करत होती. कुत्रा दिसला, तशी शिट्टी मारली आणि पिल्लं बिळात गडप.

मेनो आजोबा : बिळात कुठून? हे तर मी परवा बुजवलं, ते काल रात्रीपर्यंत बुजलेलंच होतं.

सालोमी : सांगितलं तर तेही बुजवाल.

मेनो आजोबा : म्हणजे दुसरं दार आहे तर. घेवड्याची अख्खी रांग फस्त केली तिनं. जावयासारखं पोसायचं का तिला?

सालोमी : ती गेली तर दोन फेब्रुवारीला काय कराल? शेजारच्या एनोसकाकांच्या शेतावर जाऊन विचाराल, "तुमच्या ग्राउंडहॉगची सावली पडली का?"

मेनो आजोबा : त्याचं नाव काढू नकोस. त्या दिवशी ग्राउंडहॉग बिळाबाहेर आली आणि तिची सावली पडली तर थंडी आणखी सहा आठवडे, नाही पडली तर थंडी संपली, हे शेंबडं पोरही जाणतं. यंदा मी या बिळापाशी दोन तास खुर्ची टाकून बसलो. लख्ख ऊन होतं, पण ती आलीच नाही. म्हणून सगळ्यांना सांगून बसलो, थंडी संपली. पुढे एप्रिलपर्यंत बर्फ. एनोस अजून दर रविवारी चर्चबाहेर हसतो मला.

सालोमी : ती आली होती.

मेनो आजोबा : कुठे?

सालोमी : तुमच्या पाठीमागे, तुतीखाली. ते दार ती आतून उकरते, म्हणून बाहेर मातीचा ढीग नसतो. आली, सावली बघितली, परत आत गेली.

मेनो आजोबा : आणि तू गप्प बसलीस?

सालोमी : थंडीत बाहेर पडायचं नाही म्हणून तुम्हीच बजावलं होतंत. मी चोरून आले होते.

(आजोबा फावडं टाकून खाली बसतात आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात.)

मेनो आजोबा : म्हणजे तिचं बरोबर होतं. मीच चुकीच्या दारात बसलो. रविवारी एनोसला सांगतोच.

सालोमी : आणि पिंजरा?

मेनो आजोबा : राहू दे. घेवड्याला जाळी लावू. तुतीपाशी तिच्यासाठी थोडा लसूणघास पेर. आता हे दगड काढायला हात लाव.

सालोमी : आणि मग?

मेनो आजोबा : मग दाखव, पुढच्या फेब्रुवारीला आपल्या दोन खुर्च्या कुठे टाकायच्या.