दादाचा निळा शर्ट

हरमलच्या त्या टपरीवर मी चहाला का येत नाही विचारता ना, मग ऐका. दादा अपघातात गेला, त्याचं बारावं नुकतंच झालं होतं. टपरीवर बघतो तर शेजारच्या दत्तूच्या अंगात दादाचा निळा शर्ट! मी त्याची कॉलरच धरली. "मेलेल्या माणसाचा शर्ट चोरलास? काढ आधी!"

आमच्याकडे भाड्याने राहणारा इस्रायली तिथंच बसला होता. तो म्हणाला, "आमच्या हिब्रूत कपडे उतरवणं, जनावराचं कातडं सोलणं आणि धाड घालून लुटणं, सगळ्याला मुळात एकच शब्द आहे."

"ऐकलंस, लुटारू?" मी दत्तूवर ओरडलो.

दत्तू गुंड्या काढायला लागला. "तुझ्या आयशीन दिल्यान रे ह्यो, बाराव्याक. मी खांदो दिलंय म्हणान. तू खोलीची कडी लावन बसललंस."

इस्रायली माझ्याकडेच बघत होता. तो शब्द त्यानं दत्तूसाठी काढलाच नव्हता.

दत्तूनं शर्टाची घडी घालून माझ्या हातात दिली. नुसत्या बनियनवर उभा राहून म्हणाला, "घे. पण आयशीक सांग, दत्तून आपणहून दिल्यान. तू वडून घेतलंस, ह्यां सांगा नको."